राष्ट्रीय शास्त्रीय संगीत स्पर्धेला पहिल्यांदा जाताना : सांगली-साताऱ्याच्या मुलांसाठी आणि पालकांसाठी

सांगली, मिरज, तासगाव, विटा, इकडे कराड, सातारा, फलटण या पट्ट्यात गाणं-वाजवणं शिकणारी मुलं सुराला कमी नसतात. तालीम चांगली मिळते, गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा वेळच्या वेळी होतात, गुरुपौर्णिमेला मंचावर बसायचीही सवय असते. तरीही राष्ट्रीय पातळीच्या स्पर्धेत यातली बरीच मुलं बिचकतात. तिथे दहा मिनिटांत राग मांडायचा असतो, साथीला अनोळखी तबलजी असतो आणि पट्टी (गाण्याचा मूळ सा) जुळवायला फार वेळ मिळत नाही. या गोष्टींची तयारी वेगळी करावी लागते आणि ती नेहमीच्या क्लासात आपोआप होत नाही. यंदा पहिल्यांदा अर्ज भरणाऱ्यांसाठी ती इथे क्रमाने सांगतो.

आधी स्पर्धा ठरवा, मग तयारी

वर्षाला एक स्पर्धा, फार तर दोन. तीन-चार ठिकाणी नावं दिली की वर्षभर तेच दोन राग घोटले जातात आणि तालीम जागच्या जागी थांबते. कुठे जायचं हे वयावर आणि मुलाच्या तयारीवर ठरवा.

नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारचा ‘कला उत्सव’ आहे. तो २०१५ मध्ये सुरू झाला. शाळेतून जिल्हा, जिल्ह्यातून राज्य आणि मग राष्ट्रीय फेरी, असा तो वर जातो. इथे सादरीकरणाला मिनिटं थोडी मिळतात आणि विभागांची रचना अधूनमधून बदलते, म्हणून त्या वर्षीचं परिपत्रक शाळेकडून मागून घ्या. कला शिक्षकांना जूनमध्येच सांगून ठेवा. बऱ्याच शाळांत परिपत्रक येतं आणि फाइलला लागतं, मुलांपर्यंत पोचतच नाही.

महाविद्यालयात गेलात की युवा महोत्सवाचा रस्ता खुला होतो. सांगली, सातारा आणि कोल्हापूर हे तिन्ही जिल्हे शिवाजी विद्यापीठात येतात. आधी जिल्हा महोत्सव, मग मध्यवर्ती, तिथून राज्याचा ‘इंद्रधनुष्य’, पश्चिम विभाग आणि शेवटी राष्ट्रीय आंतरविद्यापीठ महोत्सव. शास्त्रीय गायन, तालवाद्य आणि स्वरवाद्य असे एकल प्रकार असतात. मला विचाराल तर शिकाऊ मुलांसाठी हा सगळ्यात चांगला रस्ता. एकच कार्यक्रम पाच-सहा महिन्यांत वेगवेगळ्या मंचांवर मांडायला मिळतो आणि प्रत्येक फेरीला परीक्षक बदलतात.

आकाशवाणीची संगीत स्पर्धा १६ ते २४ या वयोगटासाठी असते. सांगलीत आकाशवाणीचं केंद्र आहेच, त्यामुळे तारखांची चौकशी घरबसल्या होते. याशिवाय जालंधरला हरिवल्लभ संगीत संमेलन भरतं. १८७५ पासूनची ही परंपरा. डिसेंबरमध्ये मुख्य संमेलनाच्या आधी तिथे तरुणांची स्पर्धा होते. तिथे ऐकायला येणारा श्रोता जाणता असतो आणि मुलांनाही मन लावून ऐकतो. मात्र पहिल्याच वर्षी एकदम तिथे जाण्यापेक्षा एखादा युवा महोत्सव पचवून मग जावं.

धाकटं भावंड दहा ते चौदा वर्षांचं असेल तर त्याच्यासाठी सीसीआरटीची (केंद्र सरकारच्या सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्राची) शिष्यवृत्ती बघा. ती स्पर्धा म्हणून गणली जात नाही, पण निवड चाचणीत परीक्षकांसमोर बसावंच लागतं, आणि पुढच्या सगळ्याची ती उत्तम सुरुवात ठरते.

नियमावली पेन्सिल घेऊन वाचा

वय कोणत्या तारखेला मोजायचं, किमान आणि कमाल वेळ किती, साथीदार किती आणि कोणाचे, पेटी चालते का, उपशास्त्रीय किंवा नाट्यगीत गाता येतं का, या पाच गोष्टींखाली रेघ मारा. आंतरविद्यापीठ महोत्सवात शास्त्रीय एकलला किमान आठ आणि कमाल दहा मिनिटं असतात. मंचावर बसून वाद्य लावायला जास्तीत जास्त पाच मिनिटं, आणि साथीदार दोनच. म्हणजे तबला आणि पेटी झाली की संख्या संपली. तंबोऱ्यावर मैत्रीण बसवायची असेल तर ती नियमात बसते का, हे आयोजकांना आधी लेखी विचारा. ऐनवेळी तिला मंचावरून उठवलं की गाणाऱ्या मुलीचं लक्ष गेलंच म्हणून समजा.

कागदपत्रांची एक प्लास्टिकची पिशवी करून ठेवा : जन्मदाखला, आधार, बोनाफाईड, आधीच्या परीक्षांची प्रमाणपत्रं, सहा फोटो. दाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव एकसारखं आहे ना, हे आजच बघा.

राग कोणता घ्यायचा

इथे बहुतेक घरांत वाद होतो. पालकांना वाटतं, काहीतरी वेगळं, अवघड घ्यावं म्हणजे परीक्षकांवर छाप पडेल. मला हे अजिबात पटत नाही. ज्या रागात मूल किमान दीड-दोन वर्षं फिरलंय, ज्यात ते वहीशिवाय पंधरा मिनिटं आलाप करू शकतं, तोच राग स्पर्धेला घ्यावा. परीक्षक सकाळपासून पाच यमन ऐकून बसलेत याची भीती बाळगू नका. सहावा यमन सुरात असला की ते कान टवकारून ऐकतात. उलट अनवट किंवा जोडराग घेतला की एकेक जागा तपासली जाते आणि एक स्वर जरी डळमळला तरी तेवढाच लक्षात राहतो.

ओळखीच्या रागांनाही त्यांचे खड्डे असतात. भूप सोपा वाटतो, पण द्रुत तानांत मूल धैवतावर रेंगाळायला लागलं की देसकार हा दुसरा राग डोकावतो. भूपाचा जीव गंधारात आहे, तान कुठूनही उचलली तरी परत यायचं ते गंधाराशी. भीमपलासात आरोहात रिषभ-धैवत वर्ज्य. आलापात मुलं ते पाळतात आणि तानेचा वेग वाढला की विसरतात. बागेश्रीत पंचम फार झाला की रागाचा रंगच उतरतो. दरबारी मी स्पर्धेसाठी सुचवत नाही. त्यातल्या आंदोलित गंधाराला शांतपणे बसायला जागा लागते आणि दहा मिनिटांत ती मिळत नाही. मारवा, पूरिया, सोहनी या गटातले रागही विशारदच्या (गांधर्वच्या वरच्या परीक्षेच्या) पुढची तयारी असल्याशिवाय नकोत.

प्रहराचं काय? बहुतेक फेऱ्या सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळात होतात. वेळेचा राग गायला हवाच असा नियम सहसा नसतो, पण दुपारी बाराला शुद्ध सारंग किंवा वृंदावनी सारंग, तीनला भीमपलास ऐकला की जाणकाराला बरं वाटतं. वेळापत्रक हमखास पुढे सरकतं, म्हणून दोन राग तयार ठेवा : एक दुपारपर्यंतचा, एक संध्याकाळचा. दोन्ही सारखेच पक्के हवेत. त्यातला एक कच्चा असेल तर सरळ एकच न्या आणि प्रहराचा विचार सोडून द्या.

दहा मिनिटांत राग कसा बसवायचा

आता मुख्य काम. घड्याळ समोर ठेवा आणि आधी गणित करा.

विलंबित (संथ) एकतालाची एक मात्रा चार सेकंदांची धरली तर बारा मात्रांचं आवर्तन (तालाची एक फेरी) ४८ सेकंदांचं होतं. बड्या ख्यालाला (संथ लयीतल्या मुख्य बंदिशीला) साडेपाच मिनिटं दिली तर जेमतेम सात आवर्तनं मिळतात. त्यात स्थायी आणि अंतरा हे बंदिशीचे दोन भाग, आलाप, बोलआलाप, थोड्या ताना, सगळं कोंबायचं म्हटलं की काहीच नीट होत नाही. तीच मात्रा अडीच सेकंदांची केली तर आवर्तन अर्ध्या मिनिटाचं होतं आणि तेवढ्याच वेळात अकरा आवर्तनं हाती येतात.

आपल्याकडच्या मुलांना हे जड जाऊ नये. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात आणली आणि मिरजेत शिष्य घडवले. विष्णू दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडे मिरजेतच शिकले. त्या गायकीत बंदिश स्थायी-अंतऱ्यासह नीट मांडतात आणि लय फार संथ ठेवत नाहीत. ही मध्यविलंबित चाल दहा मिनिटांना अगदी बेताची बसते. तिलवाडा किंवा झुमरा या तालांतली बंदिश गुरुजींकडून मिळालेली असेल तर तीही याच लयीत बसवून बघा.

किराणा घराण्याची तालीम असेल तर प्रश्न वेगळा. अब्दुल करीम खाँसाहेबांचं मिरजेशी नातं जुनं, आणि त्यांच्या घराण्याची एकेक स्वर उलगडत जाण्याची रीत इथल्या अनेक क्लासांत आजही शिकवली जाते. त्या मुलांनी उगाच लय वाढवू नये, त्यांचा स्वरलगाव बिघडतो. त्यांनी पसारा कमी करावा : मंद्र सप्तकात एक आवर्तन, मध्य षड्जापासून पंचमापर्यंत दोन-तीन, मग अंतऱ्याच्या आवर्तनात थेट तार षड्ज. निषादावर थांबून तार षड्जाची वाट बघायला लावणं फक्त एकदाच करावं, पण ते मनापासून. दोनदा केलं की वेळ गेला.

मी मुलांकडून साधारण असा आराखडा करून घेतो. औचार, म्हणजे सुरुवातीचा छोटा आलाप, ४५ सेकंद. बडा ख्याल साडेपाच मिनिटं. द्रुत बंदिश तीन मिनिटं. बेरीज सव्वानऊ. उरलेली ४५ सेकंदं कशालाच द्यायची नाहीत. तबलजीने लय थोडी खाली धरली, सुरुवातीला घसा साफ करावा लागला, एखादी तान लांबली, की ती तिथे खर्ची पडतात. घंटा वाजल्यावर काय करायचं याचाही सराव हवा. क्लासात कुणीतरी मध्येच ताटलीवर चमचा वाजवावा आणि मुलाने चालू आवर्तन पूर्ण करून, मुखड्याची तिहाई (बंदिशीची सुरुवातीची ओळ तीनदा) घेऊन समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) थांबावं. घाबरून मात्रेच्या मध्ये थांबणं परीक्षकांच्या कागदावर लगेच उतरतं.

अंतरा गाळू नका. वेळ वाचवायला अनेक जण बड्या ख्यालाचा अंतरा सोडतात आणि तीच मिनिटं तानांना देतात. बंदिश अर्धी ठेवून तानांचा पाऊस पाडलेला मला परीक्षकांच्या जवळ बसून ऐकवत नाही आणि परीक्षकांनाही आवडत नाही. चार ताना कमी घ्या. ज्या घ्याल त्या दाणेदार, आकार स्वच्छ, आणि प्रत्येक वेगळ्या ठिकाणाहून उचललेली असू द्या.

चार ते सहा मिनिटांचीच मुभा असेल तर बडा ख्याल विसरा. थोडा आलाप, मध्यलयीतली झपताल किंवा तीनतालातली एकच बंदिश, बोलआलाप, सरगम, ताना. एवढंच, पण पूर्ण.

वाजवणाऱ्यांसाठी

सतारीला, सरोदला हाच हिशेब. आलाप-जोड मिळून तीन मिनिटं. पूर्ण आलाप-जोड-झाला नको, नाहीतर गतीला काही उरत नाही. मसीतखानी (संथ) गत बाराव्या मात्रेपासून उठते. तो उठाव अनोळखी तबलजीच्या कानावर एकदा वेगळा वाजवून घाला, म्हणजे सम चुकणार नाही. मग रजाखानी (द्रुत) गत आणि शेवटी झाला. चिकारी (बाजूची लय धरणारी तार) आधी तपासा, झाल्यात तीच सतत वाजते आणि उतरली असेल तर सगळं बेसूर वाटतं.

तबल्याच्या एकलवादनात सगळ्यात दुर्लक्षित माणूस म्हणजे नगमा (पेटीवरची तालाची फिरती सुरावट) धरणारा. पेशकार, एक कायदा पलट्यांसह, रेला, मग दोन-तीन तुकडे आणि चक्रदार, असं नऊ मिनिटांत नीट बसतं. पण नगमा डगमगला की हे सगळं वाहून जातं. पेटीवाला शक्यतो आपला न्या. रोज त्याच्यासोबत, ठरलेल्या लयीत वाजवा. एक-दोन रचनांची पढंत जरूर करा, मोठ्या आवाजात, हाताने ताल देत. बोल तोंडात स्वच्छ असतील तर हातातही स्वच्छ आहेत, याची परीक्षकांना खात्री पटते. कायदे तीन नकोत. एकाच कायद्याचा विस्तार करता येतो हे दाखवा.

साथ आणि पट्टी

आयोजक साथीदार देणार असतील तर तीन गोष्टी आधी कळवा : तुमची पट्टी, ताल आणि लय. मुलं साधारण पांढरी एक ते काळी दोनमध्ये गातात, मुली पांढरी पाच, काळी चार किंवा काळी पाचमध्ये. एकाच तोंडाच्या तबल्यावर या दोन्ही पट्ट्या नीट लागत नाहीत, म्हणून तबलजीला वेळेत कळलं पाहिजे. ‘विलंबित’ एवढं सांगून भागत नाही. प्रत्येकाचं विलंबित निराळं असतं. तबलजीजवळ बसा, हाताने ताल धरून अर्धं आवर्तन गुणगुणा, मग द्रुताचा मुखडाही तसाच. दोन मिनिटांचं काम, पण मंचावरची अर्धी भीती यानेच जाते. वयाने मोठ्या साथीदाराला नमस्कार करून, “दादा, लय एवढी ठेवाल का?” असं विचारलं की कुणी नाही म्हणत नाही.

आता पट्टीची एक बारीक गोष्ट. मोबाइलवरचा तानपुरा ठरावीक प्रमाण स्वरावर चालतो आणि पेटी मात्र कारागिराने लावली तशी असते. दोन्हींची काळी एक ही नावाला सारखी, पण कानाला थोडी वरखाली. वेगळी ऐकली तर फरक कळत नाही, एकत्र वाजली की स्वर लाटेसारखा हलतो आणि मुलाला कुठला सा धरावा हेच समजत नाही. ॲपमध्ये स्वर अगदी थोडा वरखाली करण्याची सोय असते. पेटीचा षड्ज दाबून धरा आणि लाट थांबेपर्यंत ॲप तिच्याशी जुळवा. पेटी जागेवर बदलता येत नाही, म्हणून बदलायचं ते ॲपच. मग तबला त्या षड्जाला लावून घ्या.

तानपुऱ्यासाठी वेगळा फोन ठेवा, त्यात सिम नको, आणि तो विमान मोडवर टाका. एका मुलीच्या अंतऱ्यावर तानपुरा बंद पडून फोनची रिंग सुरू झालेली मी पाहिली आहे. ती गात राहिली, पण षड्ज शोधण्यात तिचं पुढचं आवर्तन गेलं.

ध्वनिमुद्रण पाठवायचं असेल तर

आता बऱ्याच स्पर्धांची पहिली फेरी ध्वनिमुद्रणावर होते. पंखा बंद, खिडक्या बंद, फरशीवर सतरंजी, भिंतीला गाद्या लावलेल्या खोलीत फोन चार-पाच फुटांवर आडवा ठेवा. तबला आवाजाच्या वर येत असेल तर तबलजीला थोडं मागे बसवा. घुमारा वाढवणारी, सूर सुधारणारी कुठलीही करामत नको. ऐकणाऱ्यांना ती पहिल्या मिनिटात कळते. वाद्य असेल तर दोन्ही हात पूर्ण दिसले पाहिजेत. एका बैठकीत तीन वेळा करा, चौथ्यांदा आवाज थकतो. निवडताना सगळ्यात जोरकस झालेलं न घेता सगळ्यात सुरेल झालेलं घ्या.

स्टुडिओत बसायची वेळ आली तर बांगड्या काढून ठेवा आणि वहीची पानं समोर नकोत. तिथे दाद द्यायला कुणी नसतं, ही शांतता मुलांना विचित्र वाटते. घरी बंद खोलीत एकट्याने पूर्ण कार्यक्रम म्हणून बघितला की सवय होते.

लोकांसमोर, आणि लोकांना ऐकायला

शेवटच्या दीड महिन्यात दर आठवड्याला एकदा तरी पूर्ण कार्यक्रम कुणासमोर तरी सलग झाला पाहिजे. शेजारच्या काकू, कट्ट्यावरचे आजोबा, शाळेतली बाई, कुणीही चालेल. देवळातल्या कीर्तनाआधी दहा मिनिटं मागा, कुणी नाही म्हणणार नाही. मायक्रोफोनवर किमान दोनदा सराव व्हायला हवा. तार सप्तकात किंचित मागे सरकणं आणि खर्जात थोडं पुढे येणं ही सवय अंगात मुरावी लागते.

ऐकण्याच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. मिरजेत ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते, अंबाबाईच्या नवरात्रात संगीत महोत्सव असतो. सातारा जिल्ह्यात औंधला १९४० पासून संगीत महोत्सव भरतो, तिथे आजही पहाटेपर्यंत लोक बसून ऐकतात. मुलांना घेऊन जा. आणि तिथे एकच गोष्ट बघायला सांगा : मोठा कलाकार राग सुरू करताना पहिल्या दोन मिनिटांत काय करतो. स्पर्धेची दहा मिनिटं त्या पहिल्या दोन मिनिटांवरच उभी राहतात.

वाद्य, प्रवास, थंडी

वाद्याची डागडुजी निघण्याच्या तीन-चार आठवडे आधी करून घ्या. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. देशभरातून लोक जवारी काढायला (घोडी घासून तारेचा नाद लावून घ्यायला) इथे येतात आणि आपल्याला तर शहर बसच्या अंतरावर हे कारागीर आहेत. पण आदल्या दिवशी जाऊन नव्या तारा चढवू नका. नवी तार काही दिवस ताणत राहते आणि मंचावर सारखी उतरते. जवारी काढून झाली की ती आपल्याच कानाने, आपल्याच पट्टीत, तिथेच बसून ऐका. कारागिरांना याचा राग येत नाही, उलट मूल ऐकून सांगतंय याचं त्यांना कौतुक वाटतं.

पिशवीत जास्तीच्या तारा, जवारीचा सुती दोरा, दोन नख्या, तबल्याची हातोडी आणि पावडर. मिरजेहून दिल्लीला गोवा एक्स्प्रेस थेट जाते. तंबोरा किंवा सतार बाकाखाली सरकवू नका, वरच्या बर्थवर कठीण पेटीत, भोपळा आतल्या बाजूला करून ठेवा आणि रात्री कुणीतरी तिथेच झोपा. निघताना तारा किंचित सैल करा.

डिसेंबर-जानेवारीत दिल्ली-पंजाबची थंडी कोरडी असते. कातडं कोरडं पडलं की तबला चढतो, सतारीची लाकडं-खुंट्याही हलतात. म्हणून स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचलंच पाहिजे, वाद्याला त्या हवेत एक रात्र मिळू द्या. गळ्यासाठी मफलर, कोमट पाणी आणि भरपूर झोप. नवीन काढे, नव्या गोळ्या तिथे जाऊन सुरू करू नका. रात्रीच्या गाडीत गप्पा मारून आवाज बसवून घेणारी मुलं दरवर्षी दिसतात.

स्पर्धेचा दिवस

सकाळी उठल्यावर खर्जाचा रियाज नेहमीपेक्षा निम्मा, हलका. पूर्ण कार्यक्रम एकदाही म्हणायचा नाही. क्रमांक चिठ्ठ्या टाकून ठरणार असेल तर पहिला आला म्हणून रडारड नको. पहिल्या स्पर्धकाला ताजे कान मिळतात. आपली पाळी येण्याआधी दोन-तीन स्पर्धकांच्या वेळी सभागृहातून बाहेर पडा, नाहीतर त्यांची पट्टी कानात बसते. बाहेर स्वतःचा तानपुरा इअरफोनवर ऐकत बसा.

मंचावर बसल्यावर आधी पट्टी, मग तबला, मग माइक, हा क्रम बदलू नका. रागाचं आणि तालाचं नाव स्पष्ट सांगा. पहिला षड्ज लावायची घाई नको. तंबोऱ्यात तो ऐकू आला की मगच लावा. परीक्षकांच्या चेहऱ्याकडे बघत गाऊ नये, ते लिहीत असतात आणि मान खाली गेली की मुलांना वाटतं काहीतरी चुकलं. तबलजीची सम इकडेतिकडे झाली तर त्याच्याकडे रागाने बघू नका. मुखडा ठळक म्हणा, टाळी हाताने दाखवा, तो पकडतो. असं सावरणं चांगल्या परीक्षकाच्या नजरेतून सुटत नाही.

पालकांनी पहिल्या रांगेत बसू नये. मागे बसा, व्हिडिओ एका जागी लावून ठेवा आणि ऐका.

निकाल लागल्यावर

परीक्षकांना भेटायची संधी असेल तर मुलाने एकट्याने जावं आणि एकच प्रश्न विचारावा : “सर, मी पुढच्या वर्षी काय सुधारू?” पालकांनी गुणांची चौकशी करत मागे उभं राहू नये. जे सांगतील ते त्याच दिवशी वहीत लिहा. व्हिडिओ मात्र लगेच बघू नका, आठवड्याने गुरुजींसोबत बसून बघा. कुठे वेळ खाल्ला, कुठे सूर खाली आला, अंतऱ्याचे शब्द ऐकू आले का, हे तेव्हा शांतपणे दिसतं.

साथीदाराचं मानधन त्याच दिवशी द्या, आणि गावी परतल्यावर पुन्हा एक फोन करून आभार माना. पुढच्या वर्षी तोच सोबत हवा असतो. त्यानंतर निदान दोन महिने स्पर्धेचे राग बाजूला ठेवा आणि गुरुजींकडे नवीन रागाची तालीम सुरू करा.

प्रमाणपत्राच्या साक्षांकित प्रती काढून ठेवा. दहावीच्या विद्यार्थ्यांना शास्त्रीय संगीताच्या परीक्षांसाठी बोर्डाकडून वाढीव गुण मिळतात, पण त्यासाठीचा अर्ज शाळेमार्फत दिलेल्या मुदतीतच जावा लागतो. ती मुदत कधी संपते हे दहावीचं वर्ष सुरू होतानाच वर्गशिक्षकांना विचारून ठेवा. वय १६ पूर्ण झालं असेल तर आकाशवाणीच्या सांगली केंद्रात जाऊन पुढच्या स्पर्धेच्या तारखांची आणि कलाकार म्हणून श्रेणी मिळवण्यासाठीच्या ध्वनिचाचणीची चौकशीही त्याच फेरीत करून या.